सॉकेट तोडून बघण्याआधी

टीएलएस म्हणजे एन्क्रिप्टेड कनेक्शन मध्येच तुटलं तर पायथनचा क्लायंट ते ओळखतो का, याची टेस्ट लिहायची आहे. लोकलहोस्टचं (म्हणजे आपल्याच मशीनचं) सेल्फ-साइन्ड, स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट करून ठेवा. पोर्ट शून्य द्या, मोकळा पोर्ट सिस्टिम शोधेल. पायथन आणि ओपनएसएसएल (पायथन टीएलएससाठी वापरतं ती लायब्ररी) यांच्या आवृत्त्या टिपून ठेवा, कारण 3.0 पासून ओपनएसएसएल अवचित तुटलेल्या कनेक्शनसाठी वेगळा एरर देतं आणि जुन्या सर्व्हरवरची टेस्ट नव्यावर उगाच लाल, म्हणजे नापास होते.

आता मुख्य गोष्ट. क्लायंटच्या रॅप-सॉकेटमध्ये (साध्या सॉकेटवर टीएलएस चढवणारं फंक्शन) 'सप्रेस रॅग्ड ईओएफ्स' फॉल्स करा. हे डिफॉल्ट ट्रू असतं. ते तसंच ठेवलं तर समोरच्याने क्लोज-नोटिफाय (टीएलएसचा 'आता बंद करतोय' हा निरोप) न पाठवता कनेक्शन तोडलं तरी रीड एरर देत नाही, रिकामे बाइट परत करतं, जणू सगळा माल पोचला. आमच्याकडे मंडीच्या भावांची फाइल अशीच आली होती: सोयाबीनच्या ओळी अर्ध्यात संपलेल्या, शेवटच्या ओळीत गावाचं नाव आहे, भाव नाही, आणि टेस्ट सगळ्या हिरव्यागार. फॉल्स केलं की त्याच जागी एसएसएल-ईओएफ-एरर येतो. हे चोचले नाहीत. टीएलएसच्या खालच्या टीसीपीचा फिन, म्हणजे 'माझं पाठवून संपलं' ही खूण, एन्क्रिप्ट होत नसतो, मधला कुणीही तो घुसवून तुमचा डेटा कापू शकतो. क्लोज-नोटिफाय एन्क्रिप्ट होऊन येतो, त्याची नक्कल मधल्याला जमत नाही. म्हणून फॉल्स. फिक्स्चरमध्ये (टेस्टच्या तयारीच्या कोडमध्ये) केलंत तर खऱ्या कोडमध्येही आहे का ते बघा, नाहीतर टेस्ट एकाची आणि प्रॉडक्शन दुसऱ्याचं.

तोडणारा सर्व्हर दोन तऱ्हांचा हवा. पायथनमध्ये नुसतं क्लोज म्हटलं की क्लोज-नोटिफाय जातच नाही, म्हणजे उद्धटपणे तोडायला वेगळं काही करावं लागत नाही. सभ्यपणे, क्लोज-नोटिफाय पाठवून बंद करायचं तर अनरॅप. ते समोरच्याच्या उत्तराची वाट बघत बसतं, तेव्हा टाइमआउट लावा. लावाच, नाहीतर रात्रीचा सराफा बाजार बंद व्हायची वेळ येईल आणि टेस्ट तिथेच अडकलेली असेल. दोन्ही तऱ्हा चालवा. सभ्य बंदला एरर येता कामा नये, उद्धटला आलाच पाहिजे. दोन्हीकडे निकाल सारखाच आला तर काय विसरलात ते वर लिहिलंय.

आरएसटी (टीसीपी कनेक्शन तडकाफडकी तोडणारी खूण) हवा असेल तर सॉकेटचा लिंगर हा पर्याय चालू करून शून्य सेकंद द्या आणि क्लोज करा. नको असताना आरएसटी आला तर बफरात न वाचलेलं काही पडलंय का पाहा. तसं असताना क्लोज केलं की लिनक्स फिनऐवजी आरएसटी पाठवतं. टीएलएस 1.3 मध्ये हँडशेकनंतर (सुरुवातीची ओळखपाळख झाल्यावर) सर्व्हर सेशन तिकिटं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर जोडण्यासाठीचे छोटे निरोप, पाठवतो, क्लायंटने एकदाही रीड केलं नाही तर ती तशीच पडून राहतात. यात माणूस तासन् तास घालवतो.

पावसाळ्यात विजय नगरात लाइट गेली की फिनही येत नाही आणि आरएसटीही नाही, नुसती शांतता. तिच्यासाठी आयपीटेबल्स या लिनक्स फायरवॉलचा पॅकेट गिळून टाकणारा ड्रॉप नियम, आणि टेस्टनंतर तो काढायला विसरू नका. कीपअलाइव्हच्या (समोरचा जिवंत आहे का हे टीसीपीनेच चाचपण्याच्या सोयीच्या) भरवशावर राहू नका: मुळात बंद असतो, चालू केला तरी लिनक्सवर पहिली चाचपणी 7200 सेकंदांनी.

हँडशेकच्या मध्येच तोडणं, रेकॉर्ड (टीएलएसचा डेटाचा एक तुकडा) अर्धा असताना तोडणं, लिहिताना तोडणं, एवढं घ्या. लॉगमध्ये एररचं पूर्ण नाव छापा, 'कनेक्शन गेलं' एवढंच नको.