एक्सेलच्या यादीला हेडिंगची ओळ नीट कशी लावायची

आमच्या मामांचं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं छोटं युनिट आहे आणि तिथली मालाची यादी एक्सेलमध्ये मीच ठेवतो. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, एकीकडं गड्ड्याच्या जत्रेची गडबड चालू असताना, मी नऊ पानांची यादी प्रिंट काढून गोडाऊनमध्ये दिली. हेडिंग फक्त पहिल्या पानावर होतं, पुढच्या आठ पानांवर नुसते आकडे. पाचव्या पानावर मामा थांबले, "हे चोवीस डझन आहे का नग बे?" मी घाईत नग म्हणालो आणि एका पार्टीला २८८ टॉवेल जायचे तिथं २४ गेले. परत टेम्पो पाठवावा लागला, भाडं डबल. तेव्हापासून मी हेडिंगच्या ओळीकडं फार लक्ष देतो, आणि जे जे कळलं ते इथं नीट क्रमानं लिहितोय.

सगळ्यात आधी, हेडिंग एकाच ओळीत पाहिजे. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, बाकी सगळं यावरच चालतं. आपल्याला वहीची सवय असते त्यामुळं आपण वर मोठ्या अक्षरात दुकानाचं नाव, त्याखाली चार कॉलमवर ताणून मर्ज केलेलं "माल", आणि मग त्याच्याखाली साईझ, रंग, डझन, नग असं करतो, दिसायला छान दिसतं पण एक्सेलला त्यातलं कुठलं हेडिंग आणि कुठला माल हे कळत नाही, आणि सॉर्ट करायला गेलं की मर्ज केलेले सेल एकसारख्या मापाचे पाहिजेत असा मेसेज येऊन काम अडतं. म्हणून मर्ज काढून टाका. तो सेल सिलेक्ट करा, होम टॅबमध्ये मर्ज अँड सेंटरचं बटण परत एकदा दाबा, झालं. मग प्रत्येक कॉलमला त्याचं त्याचं पूर्ण नाव द्या.

नाव देताना माप हेडिंगमध्येच लिहायचं आणि खाली सेलमध्ये नुसता आकडा. म्हणजे हेडिंग "डझन", खाली २४. सेलमध्ये "२४ डझन" असं टाईप केलं की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो, आणि खाली बेरीज लावली तर शून्य येतं. मी अख्खी एक संध्याकाळ त्या शून्याकडं बघत बसलेलो, फॉर्म्युला बरोबर होता, चूक सेलमध्ये होती. आता आमच्या यादीत "डझन" आणि "सुटे नग" असे दोन वेगळे कॉलम आहेत आणि नुसतं "नग" असं कुठंच नाही.

एकही हेडिंग रिकामं ठेवू नका, नाहीतर पिव्हट टेबल, म्हणजे यादीचा आपोआप गोषवारा काढणारा तक्ता, बनतच नाही. एकच नाव दोनदा पण नको, दोन कॉलमना "रक्कम" नाव असेल तर पुढं टेबल बनवताना एक्सेल दुसऱ्याच्या मागं आपोआप २ लावतं आणि मग कुठली रक्कम कशाची ते आपल्यालाच आठवत नाही. त्यापेक्षा "बिलाची रक्कम" आणि "जमा रक्कम" असं आधीच लिहा. नाव लांब होत असेल तर दुसरी ओळ घेऊ नका, सेलमध्येच ऑल्ट धरून एंटर दाबा, त्याच सेलमध्ये खालच्या ओळीवर जाता येतं.

दुकानाचं नाव वर पाहिजेच असेल तर ते पहिल्या ओळीत लिहा, दुसरी ओळ पूर्ण मोकळी सोडा आणि हेडिंग तिसऱ्या ओळीत घ्या. पण हेडिंग आणि माल यांच्यामध्ये मोकळी ओळ अजिबात नको. इन्सर्टमध्ये हेडर अँड फूटर म्हणून जे असतं त्यात पण बरेच जण गोंधळतात, ते वेगळं आहे, ते प्रिंटच्या पानाच्या डोक्यावर येणारं नाव, कॉलमच्या हेडिंगशी त्याचा काही संबंध नाही. दुकानाचं नाव खरंतर तिथंच टाकलेलं बरं.

आता हेडिंग जागेवर अडकवायचं, म्हणजे खाली गेलं तरी वर दिसत राहील. हेडिंग पहिल्याच ओळीत असेल तर व्ह्यू, फ्रीझ पेन्स, फ्रीझ टॉप रो. तिसऱ्या ओळीत असेल तर ए४ या सेलवर क्लिक करून फ्रीझ पेन्स घ्या, त्या सेलच्या वरचं सगळं अडकतं. पार्टीचं नाव पहिल्या कॉलममध्ये आहे आणि ते पण हलू नये असं वाटत असेल तर बी४ वर क्लिक करा, मग वरच्या ओळी आणि डावीकडचा कॉलम दोन्ही अडकतात. फक्त त्याआधी शीट पूर्ण वर नेऊन घ्या, कारण थोडं खाली सरकलेलं असताना फ्रीझ केलं तर वरच्या ओळी लपून बसतात आणि डेटा उडाला असं वाटून जीव घाबरा होतो. गूगल शीट्समध्ये व्ह्यू, फ्रीझ, वन रो. गूगल शीट्सच्या मोबाईल अ‍ॅपवर ओळीच्या नंबरवर बोट दाबून धरलं की फ्रीझ येतं.

सॉर्ट करताना एक टिक बघायचीच, "माय डेटा हॅज हेडर्स". एक्सेल स्वतः अंदाज लावतं, पण यादीत सगळा मजकूरच असेल तर तो अंदाज चुकू शकतो. आमच्या पार्ट्यांची यादी गावाप्रमाणं लावली तेव्हा "गाव" हे हेडिंगच गाणगापूर आणि गुलबर्ग्याच्या मध्ये जाऊन बसलं होतं. तुमचं पण असं झालं तर लगेच कंट्रोल झेड.

हे सगळं एकदम पाहिजे असेल तर यादीत कुठंही क्लिक करून कंट्रोल टी दाबा, "माय टेबल हॅज हेडर्स" वर टिक ठेवा आणि ओके करा. फिल्टरचे बाण येतात, आणि कर्सर टेबलमध्ये असताना खाली गेलं की वरच्या ए, बी, सी च्या जागी आपली हेडिंगच दिसायला लागतात. मला हीच पद्धत सगळ्यात आवडते.

आणि शेवटी प्रिंट, जिथं आमचं चुकलं. एक्सेलमध्ये फ्रीझ फक्त स्क्रीनपुरतं असतं, कागदावर त्याचा काही उपयोग नाही. पेज लेआउटमध्ये प्रिंट टायटल्स दाबा, "रोज टू रिपीट अ‍ॅट टॉप" च्या चौकटीत क्लिक करा आणि मग शीटवर हेडिंगच्या ओळीच्या नंबरवर क्लिक करा, डॉलरची चिन्हं वगैरे आपोआप येतात, त्याला हात लावायचा नाही, ओके. हे प्रिंट प्रिव्ह्यूमधून आत जाऊन करता येत नाही, तिथं ती चौकट बंद असते, म्हणून बाहेर येऊन पेज लेआउटमधूनच करा. गूगल शीट्समध्ये सोपं आहे, तिथं प्रिंटच्या सेटिंगमध्ये हेडर्स अँड फूटर्सखाली फ्रीझ केलेल्या ओळी परत छापायची टिक असते.

मग प्रिव्ह्यू उघडा आणि पहिलं पान न बघता सरळ शेवटच्या पानावर जा. तिथं वर "डझन" दिसलं की प्रिंट द्यायची.