सीताबर्डीच्या लढाईसाठी भोसल्यांची फौज घडवताना आणि रंगवताना

२६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी नागपूरच्या सीताबर्डी टेकड्यांवर भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात झालेली लढाई टेबलावर खेळ म्हणून मांडायची, तर पहिली अडचण फिगर, म्हणजे सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती, मिळवण्याची असते. कंपनीच्या मद्रास पलटणींसाठी नेपोलियनच्या काळातील ब्रिटिश पायदळाच्या २८ मिलिमीटरच्या प्लास्टिक फिगर, शिरस्त्राण बदलून, चालवून घेता येतात. नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांची फौज मात्र सहजी विकत मिळत नाही. ती निरनिराळ्या संचांतून जुळवून आपणच घडवावी लागते.

या दोन्ही बाजू एकाच रीतीने रंगवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. कंपनीच्या शिपायांचे लाल कोट आणि छातीवरचे पांढरे पट्टे एका ओळीत, एका वेळी एकच रंग घेऊन उरकावेत, कारण तेथे एकसारखेपणा हेच वैशिष्ट्य आहे. भोसल्यांकडचे अरब आणि शिलेदार गणवेशात नव्हते. त्यामुळे प्रत्येक जण वेगळा दिसूनही सारे एकाच फौजेचे वाटले पाहिजेत, आणि खरे कौशल्य तेथेच लागते.

अरब आणि मराठा पायदळासाठी अफगाण टोळीवाल्यांचे प्लास्टिक संच सोयीचे पडतात, कारण त्यांत सैल अंगरखे आणि लांब नळीच्या बंदुका असतात. मराठा पायदळाला देताना या बंदुकांचा वाकडा दस्ता कापून सरळ आणि अरुंद करावा. बंदूक चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणारी असेल, तर तिचा घोडा (गारगोटी धरणारा भाग) धारदार पात्याने तासून टाकावा आणि तेथे जुन्या विजेच्या वायरमधील तांब्याची एक तार इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वाकवून फेविक्विकने चिकटवावी. दुसरी तार दस्त्याभोवती दोन वेढे देऊन गुंडाळली, की तोडा, म्हणजे बंदूक डागण्याची जळती वात, तयार होतो. रंगवताना त्याच्या टोकावर नारिंगी रंगाचा बारीक ठिपका द्यावा. हाताएवढ्या अंतरावरूनही ती तोड्याची बंदूक असल्याचे ओळखू येते.

पागोट्यांसाठी एम-सील उत्तम. त्याचे दोन्ही भाग समप्रमाणात, हातमोजे घालून, रंग एकजीव होईपर्यंत मळावेत आणि चिकटपणा थोडा कमी होईपर्यंत गोळा बाजूला ठेवावा. नंतर ओल्या बोटांनी त्याची शेवयीइतकी बारीक वळी करून ती फिगरच्या डोक्याभोवती तिरपी गुंडाळावी आणि ओल्या सुईच्या टोकाने पीळ दाबून घ्यावेत. मराठा पागोटे घट्ट पिळाचे आणि किंचित कललेले ठेवावे. अरबाचा फेटा सैल ठेवून त्याचा शेव खांद्यावर सोडावा. नागपूरच्या उन्हाळ्यात हे मिश्रण फार लवकर कडक होत असल्याने एका वेळी चार-पाच डोक्यांपुरतेच मळावे.

रंगांची निवड मोजकी असावी. कोऱ्या सुती कापडाचा मळकट पांढरा, निळीचा निळा, मंजिष्ठाचा तपकिरी लाल, हळदीचा पिवळा आणि एखादा मंद हिरवा एवढे पुरेत. यांतले दोन-तीन रंग प्रत्येक फिगरवर वेगवेगळ्या जागी फिरवावेत, म्हणजे एकाचे पागोटे निळे तर दुसऱ्याचा कमरबंद निळा, अशी सांगड आपोआप जमते. लाल रंग मात्र तपकिरीकडे झुकलेलाच हवा, नाहीतर खेळताना तो कंपनीच्या कोटांत मिसळून जातो. पांढऱ्या कपड्यांना शुद्ध पांढरा लावू नये. आधी फिकट बदामी थर, त्यावर तपकिरी वॉश (घड्यांत उतरणारा पाण्यासारखा पातळ रंग) आणि तो पूर्ण वाळल्यावर केवळ घड्यांच्या कडांवर पांढरट रेघ, या क्रमाने कापड जिवंत दिसते.

नागपूरच्या हवामानाचा विचार करूनच कामाचे वेळापत्रक आखावे. एप्रिल-मे महिन्यांत अॅक्रिलिक रंग कुंचल्यावरच सुकतो, म्हणून पसरट डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर ठेवून त्यावरच रंग कालवावेत. पावसाळ्यातील दमट हवेत स्प्रेचा प्रायमर (रंगाआधीचा थर) किंवा वार्निश मारल्यास पांढरट साय येते आणि महिनाभराचे काम वाया जाते. अशा दिवसांत दोन्ही कुंचल्यानेच लावावेत, किंवा स्प्रेचे काम दिवाळीनंतर करावे.

बेस, म्हणजे फिगरच्या पायाखालची चकती, मात्र याच मातीचा हवा. सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसाल्टची आहे, आणि लढाई पावसाळा सरल्यानंतरची. त्यामुळे युरोपीय कुरणांचे तयार हिरवे गवत येथे अगदी विसंगत दिसते. बेसवर फेव्हिकॉल लावून चाळलेली रेती आणि एक-दोन खडे बसवावेत, त्यांना काळपट तपकिरी रंग द्यावा आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने राखाडी रंग वरच्यावर फिरवावा. यानंतर संपूर्ण फिगरला मॅट वार्निश द्यावे. बंदुकीच्या नळ्या आणि तलवारींची पाती त्याने निस्तेज होतात, म्हणून तेवढ्याच जागी पुन्हा चकचकीत वार्निशचा एक हात फिरवावा. वाळलेल्या पिवळ्या गवताचे झुबके सर्वांत शेवटी, विरळ चिकटवावेत. ते आधी लावले, तर वार्निशने त्यांची पाती एकमेकांना चिकटून बसतात.