उर्दूभाषक मुलांना 'अनटिल' कसा शिकवावा

मालेगावात, भिवंडीत किंवा मुंबईच्या मदनपुऱ्यात उर्दू माध्यमाच्या मुलांच्या इंग्रजीच्या वह्या तपासायला घेतल्या, की 'वेट हिअर अनटिल आय डोन्ट कम' हे वाक्य हमखास भेटतं. 'डोन्ट'वर लाल रेघ मारून काम भागत नाही, कारण मुलाने उर्दूच्या व्याकरणाला धरूनच लिहिलेलं असतं. 'जब तक मैं न आऊँ, यहीं ठहरो' ही शुद्ध उर्दू आहे. इंग्रजीत जाताना तो 'न' कुठे गेला, हे मुलाला दिसायला हवं.

पहिली पायरी: वाक्य आधी उर्दूतच बदलून घ्या. 'जब तक मैं न आऊँ' म्हणजेच 'मेरे आने तक'. 'जब तक बारिश न रुके' म्हणजेच 'बारिश रुकने तक'. अर्थ तोच, आणि 'न' आपोआप गळला. मराठीतही अशी जोडी आहे: 'मी येत नाही तोवर थांब' आणि 'मी येईपर्यंत थांब'. इंग्रजीचा 'अनटिल' या दुसऱ्या घडणीचा आहे. मुलांकडून अशी वाक्यं तोंडी भरपूर बदलून घ्या, तोवर इंग्रजी काढूच नका.

दुसरी पायरी: फळ्यावर एक आडवी रेघ ओढा आणि तिच्या शेवटी उभी रेघ मारा. आडवी रेघ म्हणजे वाट पाहणं, उभी रेघ म्हणजे येणं. उर्दूचा 'न' आडव्या रेघेबद्दल बोलतो: इतका वेळ मी आलेलो नाही. 'अनटिल'नंतर मात्र उभी रेघ सांगायची असते: मी आलो. म्हणून 'अनटिल आय कम'. इथेच हेही सांगून टाका, की गोष्ट पुढे घडणार असली तरी 'अनटिल'नंतरच्या क्रियापदाला 'विल' लावत नाहीत.

मनाईची वाक्यं सोपी जातात, कारण तिथला नकार मुख्य क्रियापदाचा असतो आणि तो इंग्रजीतही राहतो. 'अम्मी के आने तक दरवाजा मत खोलना' याचं 'डोन्ट ओपन द डोअर अनटिल युअर मदर कम्स' होतं.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि तिला घाई करू नये. उर्दूचा 'तक' दोन कामं करतो, इंग्रजीत त्यांना दोन वेगळे शब्द आहेत. रमजानचं उदाहरण मुलांना लगेच पटतं. 'रोजा मगरिब तक है' (मगरिब म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज) इथे रोजा दिवसभर चालू राहतो, म्हणून 'अनटिल'. 'फज्र तक सेहरी खत्म कर लो' (फज्र म्हणजे पहाटेची नमाज, सेहरी म्हणजे रोज्याआधीचं पहाटेचं जेवण) इथे त्या वेळेच्या आत काम उरकायचं आहे, म्हणून 'बाय'. शंका आली तर वाक्यात 'मुसलसल' म्हणजे 'सतत' हा शब्द घालून बघायला सांगा. 'पाँच बजे तक मुसलसल पढूँगा' जमतं, तिथे 'अनटिल' लागतो. 'पाँच बजे तक मुसलसल पहुँचूँगा' असं कुणी म्हणणार नाही, तिथे 'बाय'. मराठीचा 'पर्यंत'ही असाच दोन्हीकडे चालतो, त्यामुळे शिकवणाऱ्यानेही इथे सावध असावं.

चौथी पायरी: आता त्या 'न'चा उपयोग करून घ्या. 'जब तक'च्या वाक्यात 'न' असेल तर बहुतेक वेळा 'अनटिल' येतो. 'न' नसेल, जसं 'जब तक मैं यहाँ हूँ, फिक्र मत करो', तर 'अ‍ॅज लाँग अ‍ॅज' घ्यावं लागतं. आपल्या भाषेतला शब्दच खूण म्हणून कामाला येतो हे कळलं, की मुलांची इंग्रजीची भीती बरीच कमी होते. त्यासाठीच मला उर्दूतून शिकवणं मोलाचं वाटतं. एक अपवाद मात्र आहे: 'जब तक मेहनत न करोगे, कामयाब न होगे' यात मुदत नाही, अट आहे. तिथे 'अनलेस' जास्त शोभतो.

'टिल'चा अर्थ तोच, फक्त जरा बोलीतला. स्पेलिंगमध्ये 'टिल'ला दोन 'एल' आणि 'अनटिल'ला एकच, हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवा.