नाताळाची डुकरे घेण्याआधी : खरकटे, थर्मामीटर आणि एका तापाची गोष्ट

चतुर्थी आटोपली की सासष्टी, केपे, काणकोणात डुकरे पाळणाऱ्या घरांची लगबग सुरू होते. 3 डिसेंबरचे जुन्या गोव्याचे फेस्त, मग नाताळ, मग जानेवारीतली लग्ने. या दिवसांत पोर्कला असलेली मागणी पुढे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात राहत नाही. म्हणून ऑक्टोबरात पिल्ले आणि अर्धी वाढलेली डुकरे हातोहात खपतात आणि घाईत कोण कुठून आणतो याची विचारपूस मागे पडते. आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या विषाणूजन्य तापाला आयते दार मिळते ते इथेच.

1921 मध्ये केनियातून या रोगाचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. 2007 मध्ये तो जॉर्जियात आणि 2018 मध्ये चीनमध्ये पोहोचला. भारतात 2020 साली आसाम आणि अरुणाचल प्रदेशात त्याची नोंद झाली, तर जुलै 2022 मध्ये केरळच्या वायनाडमध्ये. वायनाड ते गोवा म्हणजे ट्रकचा एका रात्रीचा प्रवास. माणसाला हा रोग होत नाही, त्यामुळे पोर्क खाणाऱ्यांनी धास्ती घेण्याचे कारण नाही. धास्ती पाळणाऱ्याने घ्यावी, कारण तीव्र प्रकारात लागण झालेली जवळपास सगळी डुकरे मरतात.

जुना, आपल्या ओळखीचा स्वाइन फीव्हर वेगळा. त्याचा विषाणू वेगळ्या कुळातला आहे आणि त्याच्यावर लस आहे. पण लक्षणे दोन्हींची इतकी सारखी की नुसत्या डोळ्यांनी फरक सांगता येत नाही. भरपूर ताप, खाणे बंद, एकमेकांना चिकटून कोपऱ्यात पडून राहणे, कान-पोट-मांड्यांवर लाल-जांभळे चट्टे, कधी रक्ताचे जुलाब, गाभण मादीचा गर्भपात. माहितीपत्रकांत या चट्ट्यांचे फोटो असतात ते गुलाबी विलायती डुकरांचे. आपल्याकडची गावठी डुकरे बहुतेक काळी, आगोंद गोवन ही नोंदणीकृत जातही काळीच. काळ्या चामडीवर जांभळा चट्टा दिसणार कसा? कानामागची पातळ कातडी, पोटाखालचा भाग आणि मांडीची आतली बाजू टॉर्च लावून पाहा, हिरड्या पाहा. त्याहून भरवशाचा म्हणजे थर्मामीटर. गुदद्वारात धरून मोजलेला निरोगी डुकराचा ताप साधारण 39 अंश सेल्सिअस भरतो. तो 40.5 म्हणजे 105 फॅरनहाइटच्या वर गेला आणि डुकराने पेजेकडे पाठ फिरवली, तर त्याच घडीला शेडचे दार बंद करा.

हा रोग फसवतो तो त्याच्या संथपणामुळे. लाळ्या-खुरकुतासारखा तो दोन दिवसांत सगळी शेड लोळवेलच असे नाही. एक डुक्कर मरते, पुढचे काही दिवस शांतता असते. मालकाला वाटते काही विषारी खाल्ले असेल, नाहीतर पावसाळी न्यूमोनिया. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत 4 ते 19 दिवस जाऊ शकतात. त्या दिवसांत उरलेली डुकरे दिसायला ठणठणीत असतात आणि नेमकी तीच विकली जातात.

निदान प्रयोगशाळेतच होते. पशुवैद्यक रक्त घेतात ते ईडीटीएच्या नळीत, ते गोठू नये म्हणून. नळी बर्फाच्या डब्यात जाते. मेलेल्या डुकराची प्लीहा हा उत्तम नमुना. पीसीआर चाचणी विषाणूची जनुके शोधते आणि भारतात अखेरचे शिक्कामोर्तब भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. रक्तातील प्रतिपिंडे (विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिने) तपासण्याची पद्धतही आहे, पण ती तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो आणि तीव्र रोगात डुक्कर बऱ्याचदा त्याआधीच दगावते. म्हणून ‘प्रतिपिंडे नाहीत, म्हणजे रोग नाही’ हा हिशेब इथे चालत नाही.

आफ्रिकन तापावर आपल्याकडे लस का नाही, असे सगळेच विचारतात. हा विषाणू आकाराने मोठा, दीडशेहून अधिक प्रथिने बनवणारा. शिवाय तो घर करतो तेच रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये. त्याला पुरते निकामी करणारी प्रतिपिंडे डुकराच्या शरीरात नीट तयार होत नाहीत, त्यामुळे मृत विषाणूची लस आजवर फळली नाही. व्हिएतनामने 2022 पासून जनुक वगळून दुबळ्या केलेल्या विषाणूच्या लसी वापरात आणल्या. पण त्या जिवंत विषाणूच्या असल्याने त्यांच्या सुरक्षिततेवर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तेव्हा कोणी ‘आफ्रिकन तापावरची लस आहे’ म्हणून बाटली घेऊन दारात आला तर त्याला चहाही विचारू नका. जुन्या स्वाइन फीव्हरची लस मात्र पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जरूर टोचून घ्या. ती आफ्रिकन तापाला अडवत नाही, पण कळपात ताप आला तर किमान एक शंका कमी होते.

आता खरकट्याकडे वळू, कारण गोव्याची खरी दुखरी नस तीच. किनाऱ्यावरच्या हॉटेलांतले उष्टे डुकरांना घालणे ही जुनी आणि किफायतशीर पद्धत. त्यात कच्च्या पोर्कचे तुकडे, हाडे, मांस धुतलेले पाणी असते. विषाणू थंड आणि गोठवलेल्या मांसात महिनोन्‌महिने टिकतो. चोरीस म्हणजे गोव्याच्या पोर्क सॉसेजचेही तसेच. मीठ, मिरची, माडाच्या सुरेचे विनेगर आणि ऊन यांनी मांस टिकते, पण विषाणू मरेल याची खात्री नाही, कारण थोड्याफार आंबटपणाला तो दाद देत नाही. घरच्या चोरीसची साल किंवा पोर्क धुतलेले पाणी डुकरांच्या बादलीत टाकू नका. शिजवून खाणाऱ्याला त्या चोरीसचा धोका नाही, हे पुन्हा सांगतो.

शक्य असेल तर हॉटेलचे उष्टे बंदच करा. कोंडा, पेज, अळूची पाने, रताळ्याचे वेल यांवर भागवा. तरी द्यायचेच असेल तर जागतिक पशुआरोग्य संघटनेचे माप आहे 90 अंश तापमानाला किमान 60 मिनिटे, तेही सतत ढवळत. ढवळायचे अशासाठी की मोठ्या टोपात खाली खदखदते आणि वर तरंगणारी हाडे कोमट राहतात. आणखी एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी चुकते : कच्चे उष्टे आणायची बादली आणि शिजवलेले घालायची बादली एकच असते. दोन्ही वेगळ्या रंगांच्या घ्या.

नवीन पिल्ले आणलीत तर 30 दिवस वेगळी ठेवा, त्यांचे काम शेवटी करा आणि त्यांचे झाडू-फावडे जुन्या डुकरांच्या शेडमध्ये वापरू नका. शेडच्या दाराशी स्वतःचे गमबूट ठेवा. भाव ठरवायला येणाऱ्या खाटकाला आत घेऊ नका, तो दिवसभरात कुठे कुठे फिरलेला असतो. विणीसाठी नर गावोगाव फिरवण्यापेक्षा तपासलेल्या नराचे कृत्रिम रेतन बरे. त्याची चौकशी जुन्या गोव्यातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत करता येते. जंतुनाशक मारण्याआधी शेण काढून साबणाने धुवा, घाणीवर ओतलेले हायपोक्लोराइट (क्लोरीनचे ब्लीच) वाया जाते. धुतल्यावर 2 ते 3 टक्क्यांचे द्रावण अर्धा तास राहू द्या. सांगे-सत्तरीत काजूच्या बागेलगत शेड असेल तर कुंपण घालाच, रानडुकरांनाही हा रोग होतो.

संशय आला तर डुक्कर कापू नका, विकू नका, मेलेले ओहोळात टाकू नका. रक्तात विषाणू प्रचंड असतो, एका कापण्याने अख्ख्या वाड्यात पसरेल. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या 2009 च्या कायद्यानुसार कळवणे मालकाला बंधनकारक आहे. शिवाय सरकारी भरपाई मिळते ती रोग आटोक्यात आणण्यासाठी सरकारने मारलेल्या डुकरांची, आधीच मेलेल्यांची नाही. लपवण्यात पैशाचाही तोटा आहे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करताना एवढे तयार ठेवा : किती डुकरे, किती आजारी, पहिले केव्हा मेले, ताप किती, गेल्या महिन्यात नवीन काय आणले आणि उष्टे कोणत्या हॉटेलचे. मेलेले डुक्कर ताडपत्रीने झाकून कुत्रे-कावळ्यांपासून दूर ठेवा. पुरायचे कुठे ते खात्याच्या लोकांना ठरवू द्या, पावसाळ्यानंतर आपल्याकडे विहिरींचे पाणी वर आलेले असते.