लाकडी पायवाट काढून कॉम्पोझिट बसवताय? या चुका टाळा

पैठणजवळ आमच्या शेततळ्याकाठी निलगिरीच्या फळ्यांची पायवाट होती. पाच पावसाळ्यांनी टाच टेकली की फळी दबायची. वाळवीने आतून भुसा केला होता. म्हणून कॉम्पोझिट (डब्ल्यूपीसी), म्हणजे लाकडाची भुकटी आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्या, बसवलं, तर पहिल्याच उन्हाळ्यात फळ्यांनी मधोमध कमान टाकली. माल चोख होता, बसवणं चुकलं होतं.

इंटरनेटवरचा बहुतेक सल्ला समुद्रकाठासाठी लिहिलेला असतो: खारी हवा, ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, लाकूड पोखरणारे समुद्री जीव. तिकडे ते बरोबरच आहे. आपल्याकडे ३०४ ग्रेडचे स्क्रू पुरतात. आपले वैरी दोनच, ऊन आणि काळी माती.

आधी उन्हाचं. लाकूड ओलीने रुंदीत फुगतं, कॉम्पोझिट तापून लांबीत वाढतं. जानेवारीच्या पहाटे दहा अंशांवर असलेली फळी मेच्या दुपारी साठ अंशांवर जाते, आणि तीन मीटरची फळी तेवढ्यात पाच-सहा मिलिमीटर वाढते. आमच्या सुतारमामांनी हयातभर सागवान बसवलेलं. त्यांनी फळ्या टोकाला टोक भिडवल्या. "फट दिसली तर लोक मलाच नावं ठेवतील," म्हणाले. मीही मान डोलावली, आणि काम डिसेंबरातलं! थंडीत बसवताना फट मोठी, उन्हाळ्यात लहान; आकडा कंपनीच्या तक्त्यात असतो. फळी एकाच जागी पक्की आवळायची, बाकीच्या क्लिपांत, म्हणजे फळी सांगाड्याला धरणाऱ्या पकडींत, तिला सरकू द्यायचं.

जुना लाकडी सांगाडा "अजून बरा दिसतो" म्हणून ठेवू नका. फळी टिकेल, खालचं लाकूड कुजून खचेल. गॅल्वनाइज्ड पाईप घ्या आणि वेल्डिंगच्या जागी झिंकचा रंग मारायला विसरू नका, गंज तिथूनच धरतो. आधारांतलं अंतर ३०० ते ४०० मिलिमीटर. जास्त ठेवलं की फळी झोळ धरते. खालून वारा खेळायला हवा.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हलवते. मुरूम लागेपर्यंत खणा.

खरेदीतली फसगत वेगळीच. दाराच्या चौकटीचा फोम बोर्डही दुकानात डब्ल्यूपीसी म्हणूनच मिळतो. तुकडा पाण्याच्या बादलीत टाकून बघा: फोम बोर्ड तरंगतो, पायवाटेची फळी बहुधा बुडते. रंग फिका घ्या, गडद फळीवर मे महिन्यात अनवाणी पाय ठेवून दाखवा!

फळ्यांनी कमान टाकलीच असेल तर हातोड्याने ठोकू नका, क्लिपा तुटतात. पहाटे, फळी आखडलेली असताना, क्लिपा सैल करा आणि एक टोक सहा मिलिमीटर कापा. आम्ही सतरा फळ्या अशा कापल्या. सुतारमामा कापलेल्या चकत्या खिशात घालून घेऊन गेले, पुढच्या कामाला फटीत घालायचं माप म्हणून.