पळस-सावर बघायला जाताय? मग चालू नका, बसा

फेब्रुवारी संपता संपता ते मार्च, म्हणजे होळीच्या मागचे-पुढचे दिवस, हाच पक्षी बघायचा खरा टाईम. लोक म्हणतात आत्ता काय बघायचं, सगळं वाळलंय, पावसाळा संपताना कासला जाऊ. अहो पण आत्ताच तर पळस, पांगारा, काटेसावर पानं गाळून नुसती फुलांनी लगडलेली असतात, आणि पानंच नाहीत म्हटल्यावर पक्षी लपणार कुठे? नवीन माणसाला यापेक्षा सोपा सीझन नाही.

फुललेली एक काटेसावर गाठायची (मुळशी-ताम्हिणीकडे भरपूर आहेत), वीस-पंचवीस पावलं लांब, सूर्य पाठीशी ठेवून तासभर बसायचं. सातच्या आत पोचा, ऊन चढलं की वर्दळ कमी होते. कपडे मातकट रंगाचे, दुर्बीण ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही.

आधी साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, मग हळद्या, आणि नशिबात असेल तर पळसमैनांचा अख्खा थवा, गुलाबी अंग काळं डोकं, एप्रिलपर्यंत त्या परत जातात म्हणून आत्ताच बघून घ्या. सावरीच्या फुलात पुंकेसरांचा झुबका असतो, पक्षी मधासाठी त्यात डोकं खुपसतो आणि बाहेर येतो तेव्हा कपाळाला पराग लागलेले असतात, तसाच पुढच्या फुलावर जातो. हे एकदा नीट बघाच! जंगलालगतचं झाड असेल तर खालीही लक्ष ठेवा, पडलेली फुलं खायला भेकर (छोटं हरीण) येतं.

पळसाचं फूल जमिनीवरचंच उचला, तोडू नका प्लीज. खालचा मखमली काळपट देठ आणि पोपटाच्या चोचीसारखी वळलेली पाकळी हातात घेऊन बघा. झाडावर शिंजीर (मध पिणारा चिमुकला पक्षी) असणारच, नर आता जांभळट काळा चमकतो.

माळावरून जाताना टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की आल्या वाटेने मागे फिरा, तिची अंडी उघड्या जमिनीवर असतात आणि खड्यांत अजिबात ओळखू येत नाहीत. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. आणि या दिवसांत वणवे लागतात, धूर दिसला तर वनविभागाच्या १९२६ वर लगेच फोन करा, जवळचं गाव आणि डोंगराची कुठली बाजू ते नीट सांगा.