स्वस्त मदरबोर्ड घेताना आधी बायोस बघा
नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, पंखा फिरतोय आणि स्क्रीन काळीच. बऱ्याचदा बोर्ड खराब नसतो, बायोस (संगणक सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) जुना असतो आणि नवा प्रोसेसर ओळखत नाही. एएमडी प्रोसेसरसाठीच्या बी ४५० प्रकारच्या, जुन्या साठ्यातल्या बोर्डावर एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर लावला की नेमकं हेच होतं.

१. आधी प्रोसेसर ठरवा, मग बोर्ड.
२. कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाची सीपीयू सपोर्ट यादी उघडा. प्रोसेसरसमोर कोणता बायोस लागतो ते लिहिलेलं असतं.
३. खोक्यावर 'रायझन ५००० रेडी' असा स्टिकर नसेल, तर मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड निवडा. प्रोसेसर न बसवता पेनड्राइव्हवरून अपडेट होतो. दिव्यांच्या झगमगाटापेक्षा हे बटण कामाचं!

इंटेल प्रोसेसरसाठीचा एच ६१० बोर्ड घेत असाल तर जपून: तो डीडीआर ४ आणि डीडीआर ५ अशा रॅमच्या दोन्ही पिढ्यांसाठी वेगवेगळा मिळतो. जुनी रॅम चुकीच्या बोर्डात बसत नाही, खाचच जुळत नाही.